मीटरराव आणि तीस ग्रॅमचा ग्लास

मीटररावांना दूध आवडत नव्हतं, फळं आवडत नव्हती, आणि या दोन्ही गोष्टी मिक्सरमधून फिरवल्यावर जे काही तयार होतं त्याच्याकडे तर ते कुणी चुकून आपल्या दारात ठेवलेल्या कचऱ्याच्या बादलीकडे बघावं तसं बघायचे. रोज सकाळी आठला आणि दुपारी चारला शिवणताई तो ग्लास त्यांच्यासमोर ठेवायच्या. रोज दोन घोट घेऊन मीटरराव म्हणायचे, "राहू दे तिथं, घेतो." मग पेपर उघडला जायचा. फेस बसायचा, तळाशी दाण्यांचा गाळ जमायचा, आणि अर्ध्या तासानं शिवणताई तोच ग्लास उचलून मोरीत ओतायच्या. भांडी घासताना त्या जे पुटपुटायच्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दोघांचीही ही नावं गल्लीनं ठेवलेली. मीटररावांनी एकतीस वर्षं घरोघर हिंडून विजेचे मीटर वाचले होते, आणि त्यातली शेवटची आठ वर्षं मीटरमध्ये फेरफार करणाऱ्यांना पकडणाऱ्या पथकात काढली होती. सील तुटलेलं आहे की तोडून पुन्हा लावलेलं आहे, हे ते बॅटरीच्या उजेडात एका नजरेत सांगायचे. माणसाच्या बोलण्यावर त्यांचा विश्वास नव्हता, यंत्रावरही पूर्ण नव्हता, फक्त स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेल्या आकड्यावर होता. शिवणताई तेवढीच वर्षं पुढच्या खोलीत मशीनवर बसलेल्या. नवे कपडे त्या शिवायच्याच, पण लोक लांबून यायचे ते जुने कपडे घट्ट किंवा सैल करून घ्यायला. शिवण कुठं सोडली आणि कुठं धरली, हे कपडा घालणाऱ्यालाही कळू नये अशी त्यांच्या हातात सफाई होती.

आता त्याच सफाईनं त्यांच्या डोक्याला ताप झाला होता.

त्याचं असं झालं. मीटररावांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. ते दोन भागांत करायचं होतं, त्यातला एक भाग झाला. घरी सोडताना सर्जन म्हणाले, दुसरा भाग दोन महिन्यांनी करू. आत्ता वजन पंचावन्न आहे, वाढलं तर उत्तम, पण त्रेपन्नच्या खाली उतरलं तर मी टेबलावर घेणार नाही. आणि आत जे अर्धवट सोडलंय ते फार दिवस तसं ठेवणं धोक्याचं आहे, हेही लक्षात ठेवा. मीटरराव आजारी पडायच्या आधी सहासष्ट किलोंचे होते.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आंघोळ केली, भांग पाडला आणि आपली नेहमीची करडी पँट चढवली. आरशासमोर उभे राहून हात सोडला, तर पँट सरळ गुडघ्यांपर्यंत खाली. ते पँट पायात तशीच ठेवून पलंगाच्या कडेवर बसले आणि दिवसभर तिथून उठले नाहीत. जेवायला बोलावलं तर मान हलवली. लेकीचा फोन आला तर घेतला नाही. ज्या माणसानं एकतीस वर्षं भर उन्हात जिने चढून वाद घातले होते, तो माणूस संध्याकाळपर्यंत भिंतीकडे बघत बसला, हे शिवणताईंच्यानं बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते दुपारचे झोपल्यावर शिवणताईंनी तिन्ही पँटी मशीनवर घेतल्या. मागची मधली शिवण उसवली, दोन इंच आत घेतली, कंबरपट्टी पुन्हा जोडली, इस्त्री मारली आणि होत्या तशा हँगरला लावून ठेवल्या. उठल्यावर मीटररावांनी पँट घातली, ती कमरेला नेहमीसारखी बसली, आणि त्यांचा चेहराच बदलला. काल नुसता अशक्तपणा होता, ते म्हणाले, बघ, एका झोपेत भरून आलो. आणि कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत जाऊन पेपर घेऊन आले.

इथं शिवणताईंनी थांबायला हवं होतं. पण पुढच्या आठवड्यात पँट पुन्हा सैल झाली, त्यांनी पुन्हा एक इंच धरली. मग अर्धा. मग अर्धा. मग आणखी अर्धा. चार आठवड्यांत छत्तीसची कंबर साडेएकतीसवर आली, पँटीचे मागचे दोन खिसे एकमेकांना कानगोष्टी सांगण्याइतके जवळ आले, आणि ते मीटररावांना दिसायचं काही कारण नव्हतं, कारण स्वतःची पाठ कुणाला दिसते?

दरम्यान लेकीनं फोनवरून मिल्कशेकचं प्रकरण सुरू केलं होतं. ती लांब दुसऱ्या शहरात होती, आणि लांबून सल्ला देणाऱ्यांचा उत्साह दांडगा असतो. बाबांना दिवसाला साठ ग्रॅम प्रोटीन पोटात गेलं पाहिजे, जेवण दोन घास जातंय, तर मग दोन ग्लासांतून दे, एकेका ग्लासात तीस. सोपं आहे गं आई, दूध, फळ आणि मिक्सर. सोपं! पहिल्या दिवशी शिवणताईंनी पपई घातली. मिक्सरमधून काढलं तेव्हा बरं होतं, पण मीटररावांनी दाढी उरकून ग्लास तोंडाला लावेपर्यंत कडूजहर झालं. दुसऱ्या दिवशी संत्रं घातलं, तर दूध फाटलं. तिसऱ्या दिवशी व्यायामशाळेत जाणाऱ्या भाच्यानं पावडरीचा डबा आणून दिला. त्या पावडरीच्या गाठी काही केल्या मोडेनात, आणि मीटररावांनी एक गाठ जिभेवरून काढून बशीत ठेवून विचारलं की हा खडू कुठल्या शाळेतून आणला. चौथ्या दिवशी मिक्सरचं झाकण नीट बसलं नव्हतं. त्याविषयी शिवणताईंना बोलायचं नाहीये. छत पुसायला त्यांना स्टुलावर चढावं लागलं, एवढं सांगितलं तरी पुरे.

शेवटी त्यांनी स्वतःचं डोकं चालवलं. अडीचशे मिली दूध, त्यात साय काढलेल्या दुधाची पावडर चार मोठे चमचे, रात्रभर भिजवलेले मूठभर शेंगदाणे, भाजक्या फुटाण्यांचं पीठ दोन चमचे, एक पिकलेलं केळं आणि दोन खजूर. आधी दाणे आणि खजूर थोड्याशा दुधात अगदी गुळगुळीत वाटायचे, मग पावडर आणि पीठ, आणि केळं व उरलेलं दूध सगळ्यांत शेवटी. केळं आधी घातलं की चिकट होतं. लेकीनं हिशोब करून सांगितलं, तीस ग्रॅम भरलं. चवही चांगली होती. शेजारच्या दोघींनी तर कृती लिहून नेली. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता तो माणूस मात्र दोन घोट घेऊन म्हणायचा, "राहू दे तिथं."

आणि काही बोलायला जावं तर पुढचं वाक्य ठरलेलं. मला काय झालंय? पँट बघ. पट्ट्याशिवाय कमरेला बसते ना? मग झालं तर.

हे ऐकलं की शिवणताईंना स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटायचं. खरं सांगावं तर हा माणूस पुन्हा पलंगाच्या कडेवर बसेल. न सांगावं तर ग्लास मोरीत. पुढच्या आठवड्यात शिवण धरायचं सोडून द्यावं, असं त्या दर वेळी ठरवायच्या, आणि दर वेळी पँट ढिली दिसली की हात आपोआप मशीनकडे वळायचा.

पाचव्या आठवड्यात दवाखान्यात जायचं होतं. मीटरराव काट्यावर उभे राहिले. एक्कावन्न किलो दोनशे ग्रॅम. शिवणताईंनी आकडा पुन्हा वाचला. मीटरराव मात्र शांतपणे खाली उतरले आणि वाकून काट्याची मागची बाजू बघायला लागले. हा शेवटचा कधी तपासला, त्यांनी सिस्टरला विचारलं. सिस्टर म्हणाली, माहीत नाही. मग झालं, मीटरराव म्हणाले, सदोष यंत्र आहे, अशी मी शेकडो पाहिली. सर्जननी समजावलं, की अजून तीन आठवडे आहेत, पण वजन असं उतरत राहिलं तर तारीख रद्द, आणि मग पुढचं मला सांगता येणार नाही. मीटररावांनी मान डोलावली. बाहेर येऊन म्हणाले, डॉक्टर चांगला आहे, पण काटा बंडल आहे.

घरी आल्यावर चार वाजले होते, म्हणून शिवणताईंनी ग्लास आणून ठेवला. मीटररावांनी दोन घोट घेतले आणि पेपर उघडला.

"प्या," शिवणताई म्हणाल्या.

"अगं, कशाला जीव काढतेस? काटा चुकीचा आहे. ही पँट मी आजाराच्या आधीपासून घालतोय. पँट कशाला खोटं बोलेल?"

शिवणताईंनी हातातला टॉवेल खाली टाकला. आत गेल्या, हँगरवरची खाकी पँट ओढून काढली, उलटी केली आणि त्यांच्या पेपरावर आपटली. "घ्या. वाचा," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी जाऊन वाचलंत, आता हे वाचा."

मीटररावांना आधी काही कळलं नाही. मग त्यांनी चष्मा लावला. कापड उलटं केलं की मागच्या शिवणीचं सगळं उघडं पडतं. उसवलेले टाके काढून टाकले तरी सुईची भोकं राहतात, इस्त्रीनं जात नाहीत. मधल्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकांच्या ओळी होत्या, एकीच्या आत दुसरी. मीटरराव खिडकीकडे सरकले. उजेडात कापड धरून त्यांनी ओळींवरून नख फिरवलं, हळू, एकेक करून, जसं ते सीलवरून फिरवायचे.

"किती वेळा?" त्यांनी विचारलं.

"पाच."

"तिन्ही पँटी?"

"तिन्ही."

"एकूण किती?"

"साडेचार इंच."

त्यांनी पँट सुलटी केली. आता एकमेकांना चिकटलेले ते खिसे त्यांना पहिल्यांदा दिसले. मग म्हणाले, "आठ वर्षं मी फेरफार पकडले. माझ्या घरात दीड हात अंतरावर मशीन चालू होतं." एवढं बोलून त्यांनी पँटीची घडी केली आणि पलंगावर जाऊन बसले.

शिवणताईंना वाटलं, झालं, आता हे उठत नाहीत. रागाच्या भरात आपण हे काय करून बसलो, म्हणून त्या स्वयंपाकघरात जाऊन नुसत्याच उभ्या राहिल्या. दहा मिनिटांनी मागं पावलं वाजली. मीटरराव तो ग्लास घेऊन ओट्याशी आले आणि उभ्याउभ्याच तळापर्यंत प्यायले, गाळासकट. मग अंगातली पँट काढून शिवणताईंच्या हातात दिली आणि म्हणाले, सगळं सोड. होती तशी कर.

सगळं म्हणजे तिन्ही पँटी, साडेचार-साडेचार इंच. शिवणताईंनी म्हणून पाहिलं, की निदान दोन इंच तरी राहू दे, चारचौघांत बरं दिसत नाही. ऐकतो कोण? दुसऱ्या दिवसापासून मीटरराव छत्तीसच्या पँटीत हिंडायला लागले. पट्ट्याला नवीन भोक पाडलं तरी कमरेला झालर पडायची, आणि जिना चढताना एका मुठीत पँट धरावी लागायची. गल्लीतल्या लोकांनी विचारलं तर ते मोकळेपणानं सांगायचे, की मी बारीक झालोय. बायकोशी मात्र बोलत नव्हते. आठला ग्लास, चारला ग्लास, रिकामा ग्लास ओट्यावर, आणि तोंडातून शब्द नाही. शिवणताईंना त्या अबोल्यानं असं काही झालं, की एकदा त्या म्हणाल्या, निदान चव तरी वाईट आहे म्हणा. ते म्हणाले, वाईट आहे. तेवढ्यानंही त्यांना बरं वाटलं.

तीन आठवड्यांनी पुन्हा तोच दवाखाना. मीटररावांनी बूट काढले, खिशातल्या किल्ल्या, चष्म्याचं घर, रुमाल, सगळं बाकावर काढून ठेवलं आणि पँट मुठीत धरून काट्यावर उभे राहिले. बावन्न किलो सातशे. सिस्टरला दोघांची दया आली असावी. ती म्हणाली, त्रेपन्नच लिहिते काका, तीनशे ग्रॅमनं काय होतंय. मीटरराव म्हणाले, दिसतंय तेच लिहायचं. सर्जननी आकडा बघितला, मागचा आकडा बघितला, दोन-तीन प्रश्न विचारले आणि म्हणाले, चढतीवर आहे ना, मग तीनशे ग्रॅम मी सोडतो. पुढच्या गुरुवारी भरती व्हा.

बाहेर बाकांवर वीसेक माणसं बसली होती. कागद मिळायला वेळ होता म्हणून हे दोघंही टेकले. शिवणताई मनातल्या मनात गुरुवारपर्यंतची कामं लावत होत्या, तेवढ्यात मीटरराव समोर बघत म्हणाले, "पाच वेळा माप घेतलंस तू माझं. पाचही वेळा कमी भरलं."

शिवणताईंनी सुस्कारा सोडला. म्हणजे तीन आठवड्यांनी भांडण आता इथं निघणार होतं. "सांगितलं असतं तर उठला असतात का तुम्ही पलंगावरून?" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या.

"ते नाही म्हणत मी."

"मग काय म्हणताय?"

"दर आठवड्याला तो आकडा एकटीनं वाचलास," मीटरराव म्हणाले. "एवढंच म्हणतोय."

शिवणताईंना रडू फुटलं, आणि त्याचा त्यांना भयंकर राग आला. तीन आठवडे घरात दोघंच दोघं असताना गप्प बसलेल्या या माणसाला, हे बोलायला वीस माणसांसमोरचं बाकडंच सापडलं होतं.