इटली तिथनं किती लांब?

मी पश्चिम जर्मनीत शिकायला गेलो तेव्हा माझं शिकून झालेलं होतं. सगळा घोळ इथूनच सुरू होतो. सांगलीच्या आयटीआयमधून टर्नरचा कोर्स केलेला, कुंडलजवळच्या एका कारखान्यात लेथवर दोन-तीन वर्षं काढलेली, आणि माझ्या हातचा जॉब सहसा परत येत नसे. मग एक दिवस साहेबांनी बोलावून सांगितलं, तिकडच्या एका कंपनीशी आपला करार झालाय, तिकडच्या सरकारची काही योजना आहे, वर्षभर त्यांच्याकडं राहायचं, काम करायचं आणि शिकायचं. मी विचारलं, "काम करायचं का शिकायचं?" साहेब म्हणाले, "दोन्ही." ते स्वतः कधी गेले नव्हते, त्यामुळं त्यांनाही यापलीकडं काही ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "आरं, नोकरी लागल्यावर माणसाला परत शाळंत कोण घालतंय?" तिचं काय चुकलं हे मला आजही सांगता येत नाही.

आबांना मात्र कसलाच प्रश्न पडला नाही. आबा म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार होऊन घरी आलेले. महायुद्धात ते इटलीला होते, हे आमच्या गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगायचं. घरटी एक माणूस पलटणीत असलेलं आमचं गाव. दर्यापार जायचं ते पलटणीबरोबर, त्याला दुसरी रीतच माहीत नव्हती. आबांनी माझ्यासाठी लोखंडी पेटी आणली, तिला काळा रंग दिला आणि वर पांढऱ्या अक्षरांत माझं नाव, गाव, तालुका, जिल्हा स्वतः रंगवलं. मी म्हटलं, सुटकेस घेऊ या. "सुटकेस शिनेमातली मान्सं नेत्यात," ते म्हणाले आणि न्हाव्याला बोलावून माझे केस पार बारीक करून घेतले.

निघायच्या दिवशी स्टेशनात निम्मं गाव हजर. हलगी होती, गुलाल होता. एका म्हाताऱ्या पेन्शनर जवानानं मला कडक सलाम ठोकला. त्या गडबडीत मीही ठोकला, आणि तो डाव्या हातानं. लोक हसले, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी हलता हलता आबा खिडकीशी आले. मला वाटलं, आता काहीतरी उपदेश करणार, नाहीतर डोळे तरी पुसणार. ते म्हणाले, "इटली तिथनं किती लांब हाय रं?"

"बघतो," मी म्हणालो, आणि गाडी सुटली.

तिकडं पोचल्यावर पहिल्याच सोमवारी मला एका मोठ्या खोलीत नेलं. लांबलचक बाक, बाकाला ओळीनं लोखंड पकडून ठेवायचे वाइस, आणि प्रत्येक वाइसपुढं मिसरूड न फुटलेलं एकेक पोरगं. करड्या कोटातल्या उस्तादानं माझ्या हातात एक कानस दिली आणि वाइसमध्ये लोखंडाचा ओबडधोबड तुकडा पकडून दिला. हा सपाट करायचा, सगळ्या बाजूंनी, कोपरे काटकोनात. मी हातवाऱ्यांनी सांगितलं, मी टर्नर, मला लेथ येतो. तो हसला, मान डोलावली, आणि कानशीकडं बोट दाखवलं.

मग मी कानस घासत बसलो. तुकडा सपाट झाला असं वाटलं की उस्ताद तो उजेडाकडं धरायचा, वर काटकोन तपासायचा गुण्या ठेवायचा, आणि दोहोंमधून उजेडाची रेघ दिसली की नकाराची मान हलवायचा. पुन्हा घासा. आठवडे गेले, महिने गेले. लेथ पलीकडच्या शेडमध्ये होते, त्यांचा आवाज यायचा आणि माझे हात शिवशिवायचे. मला त्यांनी चुकून पहिलीच्या वर्गात बसवलं होतं का? का तिकडं सगळ्यांनाच आधी पहिलीत बसवतात? का आमच्या साहेबांनीच कळवलं होतं की याला काही येत नाही? कुणाला विचारावं तर विचारायला भाषा नव्हती, आणि भाषा थोडी आली तेव्हा विचारायची लाज वाटायला लागली. एवढ्या समुद्रापार येऊन मी कानस घासतोय, हे स्वतःशी म्हणायलाही जिवावर यायचं.

खोलीत माझ्याबरोबर एक इटालियन गवंडी राहायचा. माणूस मोठ्या मनाचा. स्वतः शिजवायचा आणि मला ओढून ताटावर बसवायचा. त्याच्यासारखे पुष्कळ होते त्या वसतिगृहात. नाताळाची सुट्टी लागली की सगळे पुठ्ठ्याच्या पेट्यांना दोऱ्या बांधून गावाकडं पळायचे. त्यानं मला म्हटलं, चल माझ्या गावी, आई खूश होईल. मी म्हणालो, नको, नको. आपल्याकडं पहिल्या आमंत्रणाला नकोच म्हणायचं असतं. समोरचा आग्रह करतो, आपण पुन्हा नको म्हणतो, तिसऱ्यांदा म्हणाला की 'बरं, आता एवढं म्हणताय तर' म्हणून चपला घालायच्या. मी मनातल्या मनात मोजे कुठले घालायचे ते ठरवत होतो. त्यानं खांदे उडवले, पेटी उचलली आणि गेला. मी बराच वेळ दाराकडं बघत बसलो होतो. माझं काय चुकलं तेच कळेना.

घरी मी लिहायचो ते खरं तेच लिहायचो. रोज कानस घासतो, लोखंड सपाट करतो, तब्येत ठीक. आबांचं उत्तर यायचं ते चार ओळींचं. एकदा खाली लिहिलं होतं, इटलीचं कळव. भिंतीवरच्या नकाशात इटली बोटभर खाली दिसत होती, मध्ये डोंगर. मी लिहिलं, मध्ये डोंगर आहेत. त्यांनी लिहिलं, डोंगर माहीत आहेत.

इकडं गावात निराळंच चाललं होतं, ते मला परत आल्यावर समजलं. माझी पत्रं आबा पारावर नेऊन इतर पेन्शनरांना वाचून दाखवायचे. एवढा शिकलेला, कामावर असलेला पोरगा, त्याला विमानानं नेला, आणि तो म्हणे कानस घासतो. पेन्शनर मंडळी बघता बघता समजून गेली. "ल्योकाला लिवायची मुभा न्हाई. आमी न्हाई का लढाईत लिवायचो, हवा बरी हाय, जेवान बरं हाय!" आबांनी नाही म्हटलं नाही. पुढं पुढं तेच म्हणायला लागले, "सांगायचं नसतंय." महिन्या-दोन महिन्यांत मी तोफेचा कसलातरी भाग करत असल्याचं गावात सगळ्यांना पक्कं ठाऊक झालं होतं.

परत आलो त्याच आठवड्यात मारुतीच्या देवळापुढं माझा सत्कार ठेवला. फेटा, नारळ, हार. सरपंच म्हणाले, आता चार शब्द बोला. खोटं बोलायचं मला जमत नव्हतं, आणि खरं बोललो तर वर्षभर पारावर बसून बोललेल्या आबांचा शब्द सगळ्या गावादेखत पडणार होता. आबा पुढच्याच रांगेत बसले होते, ताठ, छातीला बिल्ले लावून. त्यांच्याकडं बघवेना. मी डोळे मिटले आणि खरं ते सांगून टाकलं. "मी तिकडं वर्षभर कानस घासली. दुसरं काही केलं नाही. का घासायला लावली, तेही मला माहीत नाही."

स्टेशनात मला सलाम ठोकणारा तो म्हातारा जवान उठून उभा राहिला. "शाब्बास रं वाघा! गावाला सुदिक सांगितलं न्हाई!" आणि टाळ्या पडायला लागल्या. मी "आवं, खरंच," म्हणत होतो, ते हलगीत बुडून गेलं. आबा टाळ्या वाजवत नव्हते. ते माझ्याकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं म्हशीला वाढे आणायला उसात गेलो. उसाची तोड चालली होती, शेंडे पडले होते ते गोळा करून भारा बांधायचा. मग आबा म्हणाले, "खरंच कानस?"

"व्हय आबा. खरंच."

माझ्या खिशात तो तुकडा होता, शेवटी उस्तादानं मान न हलवता मला परत दिलेला. मी काढून दिला. आबांनी तो उन्हाकडं धरला, एक डोळा मिटून त्याच्यावरून बघितलं. "सपाट हाय की," म्हणाले. मला फार बरं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदाच कुणीतरी तो तुकडा सपाट असल्याचं तोंडानं म्हणालं होतं.

"मला बी तिकडं बंदूक चालवायला लागली न्हाई फारशी," ते एकदम म्हणाले. "मी खेचरं हाकायचो. दारूगोळा डोंगरावर चढवायचा, येताना जखमी झालेली पोरं खाली आणायची. गावात समदी बंदूकच इचारत्यात. खेचराचं कोण इचारतंय?"

मी भारा बांधायचा थांबलो. हे आम्हाला घरात कुणालाच माहीत नव्हतं, आईलाही नसावं.

एक खेचर होतं, ते सांगत होते. दुसऱ्या कुणाला पाठीवर ओझं घालू द्यायचं नाही. बर्फात पाय घसरला तर आबांच्या आवाजावर उभं राहायचं. लढाई संपली, पलटण बोटीत चढली, जनावरं तिकडंच ठेवायचा हुकूम आला. आबांनी ते डोंगरातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या हातात दिलं. गावाचं नाव माहीत नाही, वर देऊळ होतं, खाली नदी. खेचराचं नाव मात्र त्यांनी सांगितलं, आणि ते सांगताना माझ्याकडं न बघता उसाकडं बघत होते. ते नाव मी इथं लिहीत नाही.

"खेचर लय जगतंय रं," आबा म्हणाले. "चाळीस वर्साची खेचरं बगितल्यात मी." मग स्टेशनात विचारलं होतं तसंच विचारलं, "इटली तिथनं किती लांब?"

मला तो गवंडी आठवला, दोरीनं बांधलेली पेटी घेऊन संध्याकाळच्या गाडीला पळणारा.

"संध्याकाळी गाडीत बसलं, की सकाळी," मी म्हणालो.

"म्हंजी मिरजंवरनं मुंबई, एवढंच की," आबा म्हणाले, आणि भारा उचलायला वाकले.