हिंदुरावच्या गाडीतलं खोबरं

हिंदुराव मूळचा कुरुळीचा. चाकणच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात तो मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं की लाइनवरची पोरं आधी त्याला हाका मारतात आणि मग साहेबांना कळवतात, याचा त्याला भारी अभिमान. तो कधी बोलून दाखवत नाही, पण न बोलता दाखवण्याचीही एक तऱ्हा असते आणि ती त्याला छान जमलेली आहे. मुलीच्या शाळेपायी त्यानं रहाटणीत फ्लॅट घेतला आणि पाठोपाठ एक पांढरी गाडी. गाडी दुसऱ्यानं वापरलेली होती, पण अंगावर ओरखडा नव्हता. रोज सकाळी तो ती पुसायचा. बायको अनिता म्हणायची, एवढ्या मायेनं घरातला टीपॉय पुसला असता तर मी पाय धरले असते.

त्या गाडीला उंदरांची दृष्ट लागली.

पहिल्यांदा इंजिनातली एक वायर कुरतडलेली दिसली तेव्हा हिंदुराव हसला. त्यानं वायर जोडली, वर टेप गुंडाळली आणि विषय संपला असं समजला. पुढच्याच आठवड्यात उंदरांनी ती टेपसुद्धा खाल्ली. मग त्यानं बॉनेटखाली डांबराच्या गोळ्या ठेवल्या. गाडीला महिनाभर जुन्या कपाटाचा वास येत होता आणि उंदीर मजेत होते. कुणी तंबाखूची पुडी ठेवायला सांगितली, त्यानं ती ठेवली. दुकानातून फवारा आणला, तोही मारला. खालून बारीक जाळी बसवली. बॉनेट अर्धवट उघडं ठेवून आत पिवळा बल्बही लावून पाहिला, तर वॉचमन विचारायला लागला, गाडीला कावीळ झालीय का म्हणून. हिंदुरावच्या हातानं एवढाल्या मशिनी सुरू होतात, आणि बोटभर लांबीच्या जिवांपुढं त्याचं काही चालेना.

यातलं निम्मं तरी त्यानं हसण्यावारी नेलं असतं. पण चुलतभावाच्या मुलीच्या साखरपुड्याला कुरुळीला जायचं त्या सकाळी गाडी सुरूच झाली नाही. अनिता भरजरी साडीत, मुलगी नव्या ड्रेसमध्ये आणि हिंदुराव कडक इस्त्रीत, असे तिघं रिक्षातून मांडवात उतरले. मेहुण्यानं ते बरोब्बर पाहिलं. "कंपनीच्या मशिनी चालू करत्यात आन् घरची गाडी उंदीर चालवत्यात," तो पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. पंगत खो खो हसली. हिंदुरावही हसला, पण ताटातलं अर्धं तसंच टाकून उठला. भाऊबंदांत नाक कापलं गेलं असं त्याला वाटत राहिलं, आणि हा राग कुणावर तरी काढल्याशिवाय तो शांत होणार नव्हता.

राग काढायला सुरय्याभाभी सापडली. तळमजल्यावर राहणारी ही बाई नवरा गेल्यापासून शिवणकामावर घर चालवते. इमारतीतल्या निम्म्या साड्यांचं फॉल-पिको तिच्याकडंच होतं, अनिताच्या त्या भरजरी साडीचंसुद्धा. पार्किंगच्या कोपऱ्यात मीटरच्या खोलीमागं एक मांजर व्यालं होतं. त्याला ती रोज एका वाडग्यात उरलेला भात आणि माशांची डोकी ठेवायची. तो वाडगा हिंदुरावनं बघितला आणि उंदीर कशाला येतात याचं उत्तर त्याला एका क्षणात मिळालं. मांजर असताना उंदीर तिथं कसे येतील, हा प्रश्न लहान मूलही विचारतं. हिंदुरावनं तो स्वतःला विचारला नाही.

रविवारी सोसायटीची मीटिंग पार्किंगमध्येच भरते. सेक्रेटरी अण्णासाहेबांनी अजून तोंडही उघडलं नव्हतं, तेवढ्यात हिंदुराव उभा राहिला. आधी उंदीर, मग वायरी, मग तो वाडगा असं करत करत त्याचा आवाज चढत गेला. सुरय्याभाभी म्हणाली, "भाऊ, मी जागा धुऊन घेते रोज." त्यावर तो सगळ्यांसमोर म्हणाला, "तुमच्याकडं दारात घाण चालत असेल भाभी, आमच्याकडं न्हाई चालत."

तुमच्याकडं म्हणजे कुणाकडं, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळलं. दोघंतिघं खाली बघायला लागले, एकानं मोबाइल काढला. सुरय्याभाभी "बरं" म्हणाली. त्याच संध्याकाळी तिनं वाडगा आत नेला. चार-आठ दिवसांत मांजर आपली पिल्लं घेऊन कुठं निघून गेलं ते कुणी पाहिलं नाही.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. ती हिंदुराव सोडून कुणालाच ठाऊक नव्हती, आणि त्याच्या डोक्यात तर ती या प्रकरणाशी जोडलीच गेली नव्हती. तो नवा नवा कामाला लागला तेव्हा कारखान्यात खंडेनवमीला मशिनी धुऊन पुसून त्यांना झेंडूच्या माळा घालायचे, नारळ फोडायचे. त्याचा उस्ताद खोबऱ्याचा एक तुकडा आणि गुळाचा खडा मशीनच्या पॅनलमध्ये, आत, दिसणार नाही असा ठेवायचा. ज्याच्या जिवावर खातो त्याला आधी घास द्यावा, असं म्हणायचा. पुढं पॅनलमध्ये उंदीर शिरले, वायरी तुटल्या, लाइन बंद पडली. मग मशीनजवळ खायची वस्तू ठेवायची नाही असा नियमच झाला. त्या तुटलेल्या वायरी जोडल्या होत्या हिंदुरावनंच. तो नियम नव्या पोरांना दरडावून सांगायचाही तोच. आणि कारखान्यात बंद झालेली ही रीत त्यानं आपल्या गाडीत मात्र चालू ठेवली होती. दर अमावास्येला गाडीपुढं नारळ फोडायचा आणि एक खोबऱ्याचा तुकडा, एक गुळाचा खडा बॅटरीमागच्या खोबणीत सारायचा. गोळ्या, फवारा, जाळी, बल्ब हे सगळं त्यानं केलं ते त्या नैवेद्याच्या आजूबाजूला. देवाचं आणि मशीनचं अशी डोक्यात दोन वेगळी कपाटं असली की माणूस एकाची किल्ली दुसऱ्याला लावून बघत नाही.

मीटिंगनंतरची अमावास्या आली. सकाळी त्यानं नारळ फोडला, बॉनेट उचललं आणि नवा तुकडा ठेवायला खोबणीत बोट घातलं. बोटाला काहीतरी मऊ लागलं. त्यानं वाकून पाहिलं. बॉनेटच्या आतला कापूस ओढून उंदरानं तिथं घरटं केलं होतं आणि गुलाबी, डोळे मिटलेली पिल्लं त्यात वळवळत होती. शेजारी महिन्याभरापूर्वीचं खोबरं कुरतडून कुरतडून करवंटीइतकं पातळ झालं होतं. भोवती लेंड्यांचा सडा होता. हिंदुराव हातात ताजं खोबरं धरून तसाच उभा राहिला. त्याला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती, तो मेंटेनन्सचा माणूस होता.

तेवढ्यात मागून झाडूचा आवाज आला. सुरय्याभाभी त्याच्या गाडीपाशी झाडत होती. त्यानं वळून बघितलं तशी ती घाईनं म्हणाली, "भाऊ, मी रोज झाडते हं इथं. गाडीखालीसुद्धा झाडते. माझ्याकडचं काही पडलेलं नाही, तुम्ही बघून घ्या पाहिजे तर."

हिंदुरावनं धाडकन बॉनेट लावलं. "हां, हां," एवढंच म्हणाला आणि खोबरं खिशात कोंबून वर निघून गेला. आपण चुकलो याची लाज वेगळी. पण वयानं मोठी बाई आपल्याला भिऊन आपल्या गाडीखाली रोज वाकून झाडू मारते, आणि खरं कळल्यावर आपण पहिलं काय केलं तर झाकण लावलं! या लाजेला तोंड लपवायला जागाच नव्हती. दुपारी कुणी नाही असं बघून त्यानं खोबण साफ केली, पिल्लं पुठ्ठ्यावर घेऊन मागच्या मोकळ्या जागेत सोडून आला. त्यानंतर त्यानं तिथं खोबरं ठेवलं नाही आणि वायरीला कुणी तोंड लावलं नाही. गाडी पहिल्या किल्लीला सुरू व्हायची, आणि दर वेळी सुरू झाली की त्याला भाभीचा झाडू आठवायचा.

तो तिला टाळायला लागला. फाटकातून आत येताना तिच्या खिडकीतून शिवणयंत्राचा आवाज आला की पावलं झपझप उचलायचा. अनितानं हे ओळखलं आणि एका रात्री जेवताना त्याच्याकडून सगळं वदवून घेतलं.

"उद्या जातो तिच्याकडं. माफी मागतो, म्हणजे मिटलं," हिंदुराव म्हणाला.

"घरात जाऊन गुपचूप मागणार?" अनिता म्हणाली. "बोलला व्हता तवा गुपचूप बोलला व्हता व्हय?"

तो उठून हात धुवायला गेला. तो तिच्याकडं गेला नाहीच, पुढच्या रविवारी मीटिंगला मात्र गेला. आपण बोलणार आहोत की नाही हे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. सुरय्याभाभी नेहमीसारखी शेवटच्या खुर्चीवर होती. अण्णासाहेब खुशीत होते. "हिंदुरावांच्या त्या मुद्द्यामुळं उंदरांचा त्रास एकदम थांबला," ते म्हणाले. "आता तिथं एक कायमचा बोर्ड लावू. प्राण्यांना खायला घालण्यास सक्त मनाई. सगळ्यांनी हात वर करा." हात वर जायला लागले. सुरय्याभाभीनंही आपला हात वर केला.

तो वर गेलेला हात बघून हिंदुरावला बसवेना. तो उठला. "बोर्ड लावू नका," म्हणाला. "उंदीर माझ्या खोबऱ्याला येत व्हते. मीच ठिवत व्हतो, गाडीत, अमावास्येला. भाभींच्या वाडग्याचा काही संबंध न्हाई."

एकदम हशा पिकला. चांगला, मोकळा हशा. कुणी म्हणालं, राव, नैवेद्य पोचला म्हणायचा. अण्णासाहेब डोळे पुसत म्हणाले, "अहो, होतं असं. चला, बोर्ड रद्द." इथंच बसून टाकलं असतं तर सगळं गोडीगुलाबीत संपत होतं. हिंदुरावला तो मोह झालाही.

"अजून एक," तो म्हणाला. "त्या दिवशी मी भाभींना जे बोललो ते मला माघारी घ्यायचंय."

"काय बोलला होतात?" अण्णासाहेबांनी विचारलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. त्यानं बाकीच्यांकडं पाहिलं. कुणालाच आठवत नव्हतं, किंवा आठवत नाही असं दाखवणं सोयीचं होतं. म्हणजे आता ते वाक्य त्यालाच पुन्हा उच्चारावं लागणार होतं, तिच्यासमोर. ते त्यानं उच्चारलं. पहिल्या वेळी रागाच्या भरात ते सटकन बाहेर पडलं होतं. या वेळी 'तुमच्याकडं' म्हणताना जीभ अडली आणि त्या एका शब्दात आपण काय काय भरलं होतं ते त्यालाही ऐकू आलं. "हे मी माघारी घेतो," तो म्हणाला. आता कुणी हसत नव्हतं.

सुरय्याभाभी उभी राहिली. "भाऊ, अगदी असंच म्हणाला होतात," ती शांतपणे म्हणाली. "मला वाटायचं, तुम्ही विसरून गेलात आणि मलाच तेवढं पाठ झालंय."

तिनं खुर्ची मिटवून भिंतीला टेकवली आणि ती आपल्या घरात गेली. थोड्या वेळानं अण्णासाहेबांनी पाण्याच्या टाकीचा विषय काढला. हिंदुराव अजून उभाच होता.