धुवायचा राहिलेला रोल

दिग्रसच्या पुंडलिकरावांनी उभी हयात गावभराचे फोटो काढले, आणि बायकोचा एक धड फोटो घरात नाही. कोकिळाबाई गेल्या तेव्हा हार घालायला आधार कार्डावरचा फोटो मोठा करावा लागला. त्यात त्या चोरी करताना सापडल्यासारख्या दिसतात. पुंडलिकराव त्या फ्रेमकडे पाठ करूनच जेवतात.

त्यांचा स्टुडिओ मोबाइलनं आधीच बंद पाडला होता. आता घरातही बोलायला कोणी नाही. मग मीच त्यांना तांड्यावरच्या माझ्या शाळेत बोलावलं. दर शनिवारी ते जुन्या कॅमेऱ्यांची पेटी घेऊन येत. डोक्यावर काळं कापड घेऊन फोटो काढायचा लाकडी कॅमेरा, वरून डोकावून बघायचा, मग रोलचा. पूर्वी आपलाच चेहरा पाहायला लोक आठवडाभर थांबत, हे पोरांना काही केल्या पटत नसे.

एका कॅमेऱ्याला मात्र ते पोरांना हात लावू देत नसत.

"याच्यात तुमची कोकिळा आजी आहे. अंगणात तुरीच्या शेंगा सोलून राह्यली होती, तवा काढले. रोल धुवायचाच राह्यला."

रोल धुणं हा स्टुडिओवाल्यांचा शब्द. काम अंधाऱ्या खोलीतलं, औषधाच्या पाण्यातलं; त्याआधी उजेड लागला तर फोटो कायमचे जातात. औषध आता मिळत नाही, असं ते म्हणत. मला ते खरं वाटत नसे. तो रोल धुतला की कोकिळाबाईंना पुन्हा बघायचं म्हणून काही उरणार नव्हतं, त्याची त्यांना धास्ती होती.

एका शनिवारी आम्ही दोघं ओट्यावर चहा पीत होतो. चौथीतली वर्षा धावत आली. तिच्या कोपरापर्यंत साबणाचा फेस होता.

"आजोबा, तुमचा रोल धुतला मी. चांगला घासून धुतला."

हातपंपाजवळच्या दोरीवर, भर उन्हात, रोलच्या डबीतून ओढून काढलेली फिल्मची पट्टी वाळत होती.

माझा हात उठलाच होता. पुंडलिकरावांनी तो धरला. मग दोरीपाशी जाऊन त्यांनी पट्टी उन्हासमोर धरली. पोरं गोळा झाली.

"हे पाय. इथं शेंगा सोलून राह्यली. इथं माह्यावर खेकसली, कायले फुकट रोल जाळता म्हणून. अन् इथं हासली."

"मले तं नाही दिसत," वर्षा म्हणाली.

"तुले कशी दिसन बाई? तू तिले पाह्यलं कुठं?"

शाळा सुटल्यावर मी त्यांना मोटरसायकलवर घरी सोडलं. वाटभर त्यांनी एक हात खिशावर धरला होता. पट्टी त्यात होती. कुलूप काढता काढता ते थांबले.

"सर, तुमची नजर चांगली आहे. तुम्हाले दिसलं का काही?"

खोटं बोलावंसं फार वाटलं, जमलं नाही. मी नुसती नाही म्हणून मान हलवली.

"मलेबी नाही," ते म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.