सात नंबरचं यंत्र

हॉस्पिटलात सगळे तिला गोदामवाली म्हणत. आत्या तर उघड हळहळायची, "पोर एवढी शिकली आणि लागली कुठे, तर गोदामात!" गोदाम होतं खरं, पण माहितीचं. प्रयोगशाळेचा संगणक वेगळा, भरती विभागाचा वेगळा, डायलिसिसचा तिसराच. आणि भांडलेल्या जावांसारखा तिघांचा एकमेकांशी अबोला. एकच रुग्ण तीन ठिकाणी तीन क्रमांकांनी नांदायचा. या सगळ्यांना एका छपराखाली आणणारं डेटा वेअरहाऊस तिने आठ महिने खपून रचलं होतं. कुठला तक्ता कशाला जोडलाय, हे तिने झोपेतही सांगितलं असतं.

बुधवारी सकाळी तिने त्यावरचा पहिला डॅशबोर्ड उघडला. प्रश्न साधाच घातला होता: डायलिसिसनंतर दोन दिवसांत रुग्ण तापाने किती वेळा भरती झाले, यंत्रानुसार. पडद्यावर आलेखाचे बारा खांब उभे राहिले. अकरा बुटके, सातवा ताडमाड.

"चुकलंय माझंच," ती पुटपुटली. जोडणी बिघडली की एका ओळीच्या तीन होतात, हे तिला पक्कं ठाऊक. तिने जोडणी सोडवून पुन्हा बांधली. खांब जागचा हलेना. मग त्या एक्केचाळीस नोंदी तिने मूळ कागदांशी एकेक करून ताडून पाहिल्या. एकही खोटी निघाली नाही. चौदाव्या ओळीत तिच्या वडिलांचं नाव होतं. विसाव्या ओळीत पुन्हा. तेहतिसाव्या ओळीत पुन्हा.

सात नंबर म्हणजे खिडकीजवळचं यंत्र. बाबांना बाहेरचं झाड दिसावं म्हणून सिस्टरांच्या हातापाया पडून तिनेच ते मिळवलं होतं. तीनदा तापाने भरती करावं लागलं, तरी घरात ठरलेलं, "खिडकीचा वारा बाधला." आणि पुढच्या पाळीला तीच त्यांना स्वेटर घालायची.

आज बुधवार. बाबांची पाळी नऊची. आता दहा वाजून गेले होते.

ती तीन जिने धडाधडा उतरली. बाबा यंत्राला जोडलेले, पोटावर वर्तमानपत्र. "अगं, तू आत्ता इथे कशी?"

"सिस्टर, हे यंत्र थांबवा."

हेडसिस्टर चमकल्या. "डोकं ठिकाणावर आहे ना? चालू डायलिसिस कोणी असं तोडतं का?"

तिने छापील यादी पुढे धरली. "या एका यंत्रावरून एक्केचाळीस वेळा ताप. बाकीच्या अकरांवरून मिळून नऊ वेळा."

सिस्टर नावांवरून बोट फिरवत गेल्या. मध्येच बोट थांबलं. "हे तर गेले ना? आणि ह्या मावशीसुद्धा?"

"तिघं गेले."

"यांना मी सुई लावलीय. माझ्या हातांनी," म्हणत सिस्टर मटकन स्टुलावर बसल्या. पण क्षणभरच. उठून त्यांनीच डॉक्टरांना हाक मारली आणि पाच मिनिटांत बाबांना सोडवलं.

दुपारी टेक्निशियनने सात नंबरला पाणी पुरवणारी भिंतीमागची नळी कापली. दुरुस्तीच्या वेळी कोणीतरी जुन्या नळीचा हातभर तुकडा तोंड बुजवून तसाच ठेवला होता. त्यात पाणी साचून जंतूंचा बुळबुळीत थर धरला होता. "पाणी तपासायला नमुना आपण नेहमी पहिल्या यंत्राच्या नळाचाच घेतो," तो खाली मान घालून म्हणाला.

संध्याकाळी बाबांना थंडी वाजून ताप आलाच. चार दिवस औषधं चालली, मग उतरला. संचालकांनी तिला बोलावून पाठ थोपटली. तिला ते कौतुक ऐकवेना. "त्या तिघांच्या घरी सांगायला हवं," ती म्हणाली. संचालक म्हणाले, "सांगू. तुम्ही याल सोबत?"

ती गेली. डॉक्टर आणि सिस्टरही होत्या. पहिल्या घरी मावशींच्या यजमानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तिलाच विचारलं, "ही माहिती इतके दिवस होती कुठे?"

"आमच्याकडेच," ती म्हणाली. "तीन ठिकाणी."

"मग कोणी बघितलं का नाही?"

ते उठून आत गेले. बाहेर आल्यावर सिस्टर पायरीवरच बसल्या, आणि तीही त्यांच्या शेजारी. पुढची दोन घरं बाकी होती, पण बराच वेळ दोघींना उठवेना.