वजा दोनचं माप

“वजा दोन,” पडद्याआडून मेश्राम सिस्टरचा आवाज आला.

मी वहीत लिहिलं. मी बाहेर बाकावर बसलो होतो, पडद्याकडे पाठ करून. आत टेबलवर पार्वताबाई झोपलेली होती.

“नीट पाहा ना जी,” ती म्हणाली. “दिवसभर बाहेर रायते ते. चालताना घासते.”

“मशीन वजा दोन सांगते बाई. म्हणजे आतच आहे.”

मग बांगड्या वाजल्या, टेबल करकरलं आणि पार्वताबाई बाहेर आली. पन्नाशीची, सडपातळ बाई. माझ्याकडे न बघता चपला शोधत राहिली. ते मशीन मी बनवलंय हे तिला माहीत होतं.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. नागपूरच्या एका छोट्या कंपनीत वैद्यकीय उपकरणं डिझाइन करायचो. आता रिटायर झालोय, त्यामुळे स्वतःची चूक सांगायला साहेबांची परवानगी लागत नाही.

आधी मशीन काय होतं ते सांगतो. बाळंतपणं झाली, वर आयुष्यभर ओझी वाहिली, की कमरेखालचे स्नायू सैल पडतात आणि गर्भाशय खाली सरकतं. खेड्यात याला ‘अंग बाहेर येणं’ म्हणतात. किती बाहेर आलं हे डॉक्टर बहुतेक अंदाजाने सांगतात आणि दोन डॉक्टरांचे अंदाज जुळत नाहीत. म्हणून आम्ही हातात धरायचं एक उपकरण केलं. टॉर्चएवढी मूठ, तिच्यावर छोटा स्क्रीन, पुढे बोटभर जाडीची गुळगुळीत कांडी आणि कांडीवर सरकणारी एक कडी. कांडीचं टोक गर्भाशयाला टेकवायचं, कडी शरीराच्या दाराशी. दार म्हणजे शून्य. आत असेल तर वजा, बाहेर आलं असेल तर अधिक. सेंटिमीटरमध्ये.

मला त्याचा भारी अभिमान होता.

चामोर्शी तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात आम्ही त्याची चाचणी घेत होतो. तिथल्या डॉक्टर मॅडमनी ऑपरेशनच्या शिबिरासाठी एक साधा नियम ठेवला होता. अधिक एक किंवा त्याहून जास्त आकडा आला, तर नाव यादीत. नाहीतर व्यायामाचा कागद आणि घरी. पार्वताबाईला तो कागद आज तिसऱ्यांदा मिळाला. पहिले दोन मॅडमच्या अंदाजाने मिळाले होते, हा माझ्या मशीनने दिला.

ती जाताना सिस्टरला म्हणाली, “धानाच्या रोवण्यात मी घडीघडी बसतो तं टोळीतल्या बाया मले कामचोर म्हणतेत. वाटलं होतं, मशीन तरी खरं बोलन.”

हे ती माझ्यासमोर बोलली. मला ते लागलं.

त्या दिवशी अकरा बायका तपासल्या. अकराही जणी बाहेर येतं म्हणत होत्या. मशीनने अकराही जणींना वजा दिला. इंजिनिअर अशा वेळी जे करतो ते मी केलं. सेल बदलले. मापाचे ठोकळे लावून कांडी तीनदा तपासली. केसाइतकाही फरक नव्हता. मग नागपूरला साहेबांना फोन लावला.

“रीडिंग रिपीटेबल आहे का?” त्यांनी विचारलं. म्हणजे पुन्हा पुन्हा मोजलं तर तोच आकडा येतो का.

“येतोय.”

“मग प्रॉब्लेम काय आहे?”

“बायका वेगळंच सांगतायत.”

“अहो, बायका सांगतात म्हणून आपण सेन्सर बदलायचा का?”

फोन ठेवला. सिस्टर बेसिनवर हात धूत होत्या. मी विचारू नये ते विचारलं. “सिस्टर, बायका थोडं वाढवून सांगत असतील का?”

त्यांनी नळ बंद केला. “भाऊ, तुमच्या घरी पाहुणे येनार असले का पसारा तसाच ठेवता?”

“नाही.”

“मंग? दवाखान्यात यायचं म्हणून बाई सकाळी आंघोळ करते. हातानं ते आत सारते, वरून लंगोट कसून बांधते. मंग निंगते. बाहेर आलेलं तसंच घेऊन डॉक्टरपुढे कोन जाईन? लाज नाई वाटनार?”

मी मनात जुळवून पाहिलं. ती बाई रात्रभर झोपलेली, सकाळी आवरून आलेली, वर आम्ही तिला पुन्हा टेबलवर आडवं करणार, म्हणजे उरलंसुरलंही आत. आणि मशीन अगदी प्रामाणिकपणे सांगणार की सगळं जागच्या जागी आहे.

“हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?”

“तुमी इचारलं नाई. मले वाटलं, एवढ्या भारी मशीनले समजत असन.”

टोमणा होता की नाही, अजून ठरवू शकलेलो नाही.

खरी गोष्ट अशी होती की, आम्ही हे उपकरण रबराच्या मॉडेलवर महिनोन् महिने तपासलं होतं. ते मॉडेल कायम टेबलवर उताणं. ते कधी चिखलात वाकलं नव्हतं, डॉक्टरकडे जायचं म्हणून आवरूनही आलं नव्हतं. आणि खऱ्या तपासणीच्या वेळी मी, पुरुष म्हणून, पडद्याबाहेर. ते बरोबरच होतं. पण बाहेर बसलेल्या माणसाने आतल्या बाईला चार प्रश्न विचारायला हवे होते, तेही मी कुणामार्फत विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला आम्ही पार्वताबाईच्या गावी गेलो. डॉक्टर मॅडमही आल्या, जरा कुरकुरतच. शेतातल्या बांध्यांमध्ये रोवणा चालू होता, बायका रांगेने वाकून धानाची रोपं लावत होत्या. जवळच अंगणवाडीची खोली होती. सिस्टरने पार्वताबाईला बोलावून घेतलं. ती गुडघ्यापर्यंत चिखलात.

“घरी जाऊन आंघोळ करून येतो,” ती म्हणाली.

“नाई. अशीच या.”

“अशी? हे असं दाखवू मॅडमले?”

“असंच दाखवा बाई. हेच पाहाले आलो आमी.”

ती तिथेच उभी राहिली. एकदा घराच्या रस्त्याकडे पाहिलं, एकदा खोलीकडे. मला वाटलं, जाते आता. मग तिने शेतातल्या पंपाच्या पाण्यात हातपाय धुतले आणि आत गेली. दार बंद झालं. मी पुन्हा बाहेर, पायरीवर.

आत टेबल नव्हतं. मॅडमनी तिला उकिडवं बसायला सांगितलं, चुलीपुढे बसते तसं. दोनच मिनिटांत सिस्टर दार किलकिलं करून मशीन घेऊन उभ्या. “दांडा जमिनीले टेकते भाऊ. आनि आकडा काई दिसत नाई, जमिनीवर झोपा लागते वाचाले.”

माझी सुंदर मूठ. टेबलच्या पायथ्याशी स्टुलावर बसलेल्या डॉक्टरच्या हातासाठी घडवलेली. पंपवाल्याकडून करवतीचं पातं आणलं. सेल काढले, मूठ निम्म्यातून कापली, सेल चिकटपट्टीने बाजूला बांधले. स्क्रीन तरीही जमिनीकडेच तोंड करून राहिला. त्याला इलाज नव्हता. पण कारखान्यातल्या तपासणीसाठी मी आत एक सोय ठेवली होती, शून्याच्या पुढे दर सेंटिमीटरला एक बीप. ती चालू केली. सिस्टरने कांडी पुसून नवं कव्हर चढवलं आणि दार लावलं.

मी पायरीवर बसून ऐकत होतो. बीप. बीप. थोडं थांबून तिसरा. मग चौथा.

आतून मॅडमचा आवाज आला, “अधिक चार.” मग जरा हळू, “पार्वताबाई, मी तुम्हाला तीनदा परत पाठवलं.”

“आता तं ऐकलं ना जी मॅडम,” पार्वताबाई म्हणाली. मी करवतीचं पातं पुसत बसलो.

बाहेर आल्यावर तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. “भाऊ, ते वाजलं ते बाहेर आयकू आलं काय?”

“आलं.”

“मंग ते बंद करा. आमचं आमी पाहून घेऊ, गावाले काऊन सांगता?”

मी वहीत लिहून घेतलं: आवाज बंद.

मॅडमनी उरलेल्या दहा जणींना पुन्हा बोलावलं, संध्याकाळी, कामावरून सरळ. त्यातल्या सात जणी यादीत आल्या. पार्वताबाईचं ऑपरेशन पहिल्याच शिबिरात झालं. पुढच्या हंगामात सिस्टरला ती बाजारात भेटली, तेव्हा म्हणाली की आता टोळीत तीच दुसऱ्यांना बसू नका म्हणते.

नवीन मशीनची मूठ आखूड आहे. बटण दाबलं की आकडा गोठतो, मग हातात वर धरून सावकाश वाचता येतो. आवाज अजिबात नाही.

सूचनापत्रकावर मात्र साहेबांशी भांडण झालं. पहिली ओळ मी लिहिली होती: मोजण्याआधी बाईंना विचारा, आवरून आलात का?

“हे टेक्निकल नाही,” साहेब म्हणाले. “पहिली ओळ कॅलिब्रेशनची असते. मशीन शून्यावर आणायचं.”

“साहेब, ही तीच ओळ आहे,” मी म्हणालो.

त्यांनी ती खोडली नाही. अजून पत्रकात पहिल्या नंबरवर आहे.