कोरडं रडणं

"सिव्हिअर डिहायड्रेशन," डॉक्टर म्हणाले आणि माझा चेहरा बघून सोपं करून सांगितलं, "अंगातलं पाणी संपत आलंय. बाळ रडतंय, पण डोळ्यांत थेंब नाही."

माझा समर सात महिन्यांचा होता. आदल्या दिवसापासून आधी उलट्या, मग पाण्यासारखे जुलाब. सासूबाई म्हणाल्या, "काहून भेतं व? दात येऊन राह्यले त्याले. पाणी पाजू नको, अजून जुलाब होतीन." आमच्याकडे दातांच्या नावावर सगळं खपतं. दुपारी त्यानं मान टाकली, तेव्हा दिराच्या मोटरसायकलवर मेडशीहून वाशिम गाठलं.

सलाईनला शीर सापडेना. शेवटी डोक्यात सुई लावली. मी भिंतीकडे तोंड केलं. तो जातो की राहतो, एवढंच मनात होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "रोटाव्हायरसचे थेंब दिले होते?" रोटाव्हायरस म्हणजे लहान बाळांना जबर जुलाब लावणारा विषाणू. मी ठासून सांगितलं, "पाजले ना! वीटभट्टीवर होतो, तिथंच पाजले."

"ते पोलिओचे. थेंब दोन्ही, रोग वेगळे."

आम्ही भट्टीवरून परतल्यावर गावातल्या आरोग्याच्या आशाताई लसीसाठी बोलवायला दारात आल्या होत्या. सासूबाईंनी त्यांना वाटेला लावलं होतं, "थेंब झाले आमच्या पोट्ट्याचे. सुई नको, ताप येते."

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात जावेच्या मुलीलाही जुलाब झाले. तिचे रोटाव्हायरसचे तिन्ही डोस झालेले. ओआरएस, म्हणजे मीठ-साखरेचं पाणी, पीत ती घरभर रांगत होती. डॉक्टर म्हणाले, "थेंब घेऊनही जुलाब होतात, पण सहसा इतके वाढत नाहीत."

तिसऱ्या सकाळी नर्सनं पट्टी बदलली, तसा समर भोकाड पसरून रडला. गालावरून पाणी ओघळलं. "आलं व माय, डोळ्याले पाणी आलं!" सासूबाई ओरडल्या आणि स्वतःच रडायला लागल्या. अख्खा वॉर्ड घाबरून धावला.

तुमच्या घरी कोणी "थेंब झाले" म्हणालं, तर कोणते, ते विचारा. आशाताईंच्या लसीकरण कार्डावर बघा. आणि जुलाबात पाणी तोडू नका.

वर्षाच्या आत रोटाव्हायरसचा पहिला डोस देता येतो, असं कळलं. बरा झाल्यावर समरला अंगणवाडीत नेलं, सासूबाईंनीच कडेवर घेऊन. थेंब त्यानं चाटून घेतले. मग दुसऱ्या राहिलेल्या लसीची सुई टोचली आणि त्यानं आ वासून टाहो फोडला. खाली दोन पांढरे दात चमकले.

"पाह्य, म्या म्हनलं नोतं?" सासूबाई म्हणाल्या. "दातच येऊन राह्यले होते!"

मी त्याचे ओले गाल पुसले. पुन्हा ओले झाले. होऊ दिले.