असू दे, लागलं तर

आसेगावच्या प्रसेनजित भगतच्या घरात कोणतीही वस्तू एकटी राहत नाही. दोन छत्र्या, दोन टॉर्च, गॅसचे दोन लायटर. आणि पाण्याच्या मोटारीचा एक जास्तीचा स्टार्टर, जो मोटार विकून तीन वर्षं झाली तरी माळ्यावर आहे. कोणी विचारलं की याचं उत्तर ठरलेलं, "असू दे, लागलं तर."

हा गडी वाशिमच्या एका छोट्या कंपनीसाठी घरी बसून जावा या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम लिहितो. भाजीपाला पिकवणाऱ्यांनी कोणत्या दिवशी किती माल आणायचा, हे मोबाइलवरून कळवता यावं म्हणून कंपनीनं वेबसाइट केली होती. शुक्रवारी सकाळी ती आडवी झाली. जो लॉगिन करेल त्याला एरर. प्रसेनजितनं सर्व्हरच्या नोंदींचा लॉग उघडला, तर त्यात लिहिलेलं, 'शेतकरी' या क्लासचा, म्हणजे साच्याचा, ऑब्जेक्ट 'शेतकरी' क्लासमध्ये बसत नाही.

"शेतकऱ्याले शेतकरी मानत नाई म्हन्ते हे!" तो ओरडला.

"त्यात नवीन काय हाये?" स्वयंपाकघरातून त्याची बायको साक्षी म्हणाली.

लॉगिनचा भाग आदल्या संध्याकाळी रुचिकानं बदलला होता. ऑफिसात लागून चार महिने झालेली, अजून कच्च्या नोकरीवरची पोरगी. प्रसेनजितनं आव पाहिला ना ताव, ऑफिसच्या ग्रुपवर टाकून दिलं, "कालच्या बदलामुळे झालं." साहेब दिनेशरावांनी लगेच लिहिलं, सहापर्यंत चाललं नाही तर रुचिकाला पक्कं करायचं की नाही याचा विचार करावा लागेल. त्याखाली रुचिकाचं एवढंच, "सर, मी पुन्हा तपासते." ते वाचून प्रसेनजितला जरा टोचलं. पण चूक तिचीच, याची त्याला पक्की खात्री होती.

दुपारपर्यंत त्यानं तिची ओळ न् ओळ तपासली. खोट सापडेना. जेवायला बसला तरी कुरकुर सुरूच.

"नाव तेच, आतलं सारं तेच, तरी म्हन्ते हा तो नोय."

"मंग दोन असतीन," साक्षी भाकरी वाढत म्हणाली.

"दोन कायले असतीन?"

"तुमी ठेवले असान."

साक्षीला जावा येत नाही, पण नवरा पाठ आहे. प्रसेनजितचा घास हातातच राहिला. त्या क्लासची फाइल वेबसाइटच्या फोल्डरात होतीच; गेल्या आठवड्यात त्यानं स्वतःच्या हातानं ती सर्व्हरच्या सामाईक फोल्डरातही टाकली होती. असू दे, लागली तर. काल रुचिकाचं काम चढवताना सर्व्हर बंद करून चालू केला, तेव्हा ती दुसरी प्रतही कामाला लागली. जावा याबाबतीत भारी खट: एकच क्लास दोन ठिकाणांहून उचलला, तर तिच्या लेखी ते दोन वेगळे. एका फोल्डरातला शेतकरी दुसऱ्याला ओळख देईना.

त्यानं जास्तीची फाइल काढली, सर्व्हर परत चालू केला. साडेतीनला पहिला शेतकरी आत गेला.

आता 'सुरू झालं' एवढं लिहून गप्प बसता आलं असतं. कोणी काही विचारणार नव्हतं. त्या विचाराचीच त्याला लाज वाटली. त्यानं रुचिकाला फोन लावला.

"पोरी, चूक माही होती. तुले नाहक बोल लावला. माफ कर."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, "बरं सर."

फोन ठेवून तो ग्रुपवर सगळं पुन्हा लिहायला बसला, दिनेशरावांनी वाचावं म्हणून त्यांचं नाव घालून.

"आता तं मांगतली ना माफी," साक्षी म्हणाली. "मंग परत कायले?"

"असू दे," प्रसेनजित म्हणाला. "हे तिले लागन."